माशीचं नाव आधी, अळीचं वय मग : परभणीतल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४

विषय पक्का झाला. मराठवाड्यात मढ्यावर येणाऱ्या माश्या गोळा करायच्या, डोळ्यांनी ओळखायच्या, त्याच माशीचा डीएनए काढायचा आणि दोन्ही गोष्टी एकाच क्रमांकाखाली जपून ठेवायच्या. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "पुढे याचा उपयोग कोणाला?" मी म्हटलं, पोलिसांना आणि न्यायवैद्यक डॉक्टरांना. त्या म्हणाल्या, "मग नोंदवही अशी लिही की उद्या कोर्टात कोणी वाचली तरी खाली बघावं लागणार नाही."

मूळ गोष्ट थोडक्यात लिहून ठेवते. दिवसा उघड्यावर मृतदेह पडला, तर हिरव्या-निळ्या चमकत्या माश्या, ज्यांना ब्लो फ्लाय म्हणतात, कधी कधी काही मिनिटांतच पोचतात. डोळे, नाक, तोंड, जखम अशा ओल्या जागी अंडी घालतात. अंड्यातून अळी, अळीच्या तीन अवस्था, मग कोष, मग माशी. हा क्रम ठरलेला असतो आणि त्याचा वेग तापमानावर चालतो. म्हणून देहावरच्या सर्वांत मोठ्या अळीचं वय काढता आलं, तर मृत्यू किमान किती वेळापूर्वी झाला असेल ते सांगता येतं. किमान हा शब्द इथे महत्त्वाचा. माशी उशिरा आली असेल, देह बंद खोलीत असेल, मृत्यू रात्री झाला असेल, तर खरा काळ त्याहून जास्तच निघणार.

पण वय काढायला आधी जात माहीत हवी. प्रत्येक जातीचा वाढीचा वेग वेगळा, आणि नुकत्या अंड्यातून निघालेल्या अळ्या सगळ्या सारख्याच पांढऱ्या, तांदळाच्या कणीएवढ्या. तिथे डीएनए कामाला येतो. गुन्ह्याच्या तपासातल्या माश्या डीएनएवरून ओळखण्याची पद्धत १९९४ साली कॅनडातल्या स्पर्लिंग आणि सहकाऱ्यांनी मांडली. आपल्याकडे पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात या माश्यांवर बरंच काम झालं आहे. मराठवाड्यातल्या माश्यांचा आपला स्वतःचा संदर्भसंच हाताशी असावा, एवढीच या प्रकल्पाची मागणी.

१० डिसेंबर

आईचे चुलत मामा पोलिसात जमादार होते, आता निवृत्त. त्यांच्याकडे गेले. चहा होईपर्यंत विषय काढला नाही, मग सरळ विचारलं, "मामा, कुजलेलं प्रेत सापडलं की पंचनाम्यात अळ्यांबद्दल काय लिहायचा?"

"लिहायचं काय त्यात? 'प्रेतास किडे पडलेले' एवढं लिहिलं की झालं. मोजायला कोण बसतंय? वास असा मारतोय की पंच लांबूनच सही करतेत."

"आणि अळ्या ठेवून कुठं द्यायचा?"

"ठेवून? पोरी, पीएमला नेलं की पानी मारून धुऊन टाकतेत समदं."

मामांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, जे व्हायचं ते त्यांनी सांगितलं. मला मात्र दिवसभर तेच आठवत राहिलं. 'किडे पडलेले' या दोन शब्दांत तीन दिवस आणि आठ दिवस यांतला फरक मिटून जातो. एखाद्या बाईचा मृत्यू ती बेपत्ता झाली त्या रात्री झाला की नंतर कोणीतरी तिला कुठे डांबून ठेवलं होतं, याचं उत्तर त्या धुऊन गेलेल्या अळ्यांत असू शकतं.

आता कायद्याची बाजू बदलली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. राज्य सरकारांना ही व्यवस्था उभी करायला पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे माणूस जागेवर जाणार. तो अळ्याही उचलेल का, हे त्याला कोणी शिकवलं आहे का यावर अवलंबून.

१९ डिसेंबर

आमिष लावायला सुरुवात. खाटकाकडून बोकडाचं काळीज आणि उरलंसुरलं आणलं. प्लास्टिकच्या बरणीत ओलसर वाळू, वर काळीज, तोंडाला जाळी ठेवून बाजूला माशीपुरतं भोक. एक बरणी कॉलेजच्या मागच्या कडुनिंबाखाली, दुसरी गच्चीवर. मानवी देहाशी संबंधित काहीही या प्रकल्पात नाही, समितीला तसं लेखी दिलं आहे.

सध्या थंडी कडक आहे. सकाळी दहापर्यंत माशी फिरकत नाही. ऊन तापलं की पहिल्या येतात त्या मोठ्या, निळसर-हिरव्या, विटकरी डोळ्यांच्या. क्रायसोमाया मेगासेफाला. नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले, मादीच्या डोळ्यांत अंतर. उकिरडा, मासळीबाजार, उघडा संडास, जिथे घाण तिथे ही हजर.

तापमान नोंदवायचं छोटं यंत्र दोन्ही बरण्यांजवळ बांधलं, दर तासाला एक नोंद. मॅडम म्हणतात, तापमानाशिवाय गोळा केलेली अळी म्हणजे तारखेशिवायची पावती. पटलं.

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. गावी, औसा तालुक्यात. सगळं घर शेतात, भज्जी आणि आंबील. बांधापलीकडे, जेवणावळीपासून लांब, एक बरणी लावून आले. काकूनी नाक मुरडलं पण आडवं आलं नाही कोणी. उलट चुलतभाऊ संध्याकाळी स्वतः जाऊन बघून आला आणि म्हणाला, "तुझ्या बरणीत बारक्या हिरव्या माश्या बसल्यात, त्या दुसऱ्याच दिसतेत." खरंच दुसऱ्याच होत्या. लुसिलिया, तांब्याची झाक असलेला हिरवा रंग. शहरात मिळाली नव्हती.

काकांनी एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवते. बैलाच्या खांद्याला जखम झाली की दोन दिवसांत किडे पडतात, टर्पेंटाइनचा बोळा घालावा लागतो. जिवंत जनावराच्या जखमेत अशा अळ्या करणारी माशी म्हणजे क्रायसोमाया बेझियाना. ती दिसायला मेगासेफालासारखीच, पण मढ्यावर अंडी घालत नाही, तिला जिवंत मांस लागतं. आता विचार करा: अंथरुणाला खिळलेल्या, कोणी न बघितलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या देहावर बेझियानाच्या अळ्या निघाल्या, तर त्या मृत्यूच्या आधीच्या आहेत. त्यांच्या वयावरून मृत्यूची वेळ काढली तर हिशेब साफ चुकेल. आणि जात बरोबर ओळखली, तर त्या माणसाची किती दिवस हेळसांड झाली त्याचा पुरावा मिळेल. अळी तीच, नाव बदललं की तपासाची दिशा बदलते.

८ जानेवारी २०२५

टाचण्या लावण्याचं काम. कंटाळवाणं म्हणतात, मला आवडतं.

माशी मारून ताजी असतानाच टाचणी छातीच्या उजव्या बाजूने घालायची, म्हणजे डाव्या बाजूचे केस शाबूत राहतात. मग डीएनएसाठी एक पाय तोडायचा. कोणता? मॅडमचा नियम: उजवा मधला. पुढच्या पायाला हात लावायचा नाही. कारण लुसिलियाच्या दोन जाती, क्युप्रिना आणि सेरिकाटा, एकमेकींना फार जवळच्या, आणि त्यांच्यातली एक खूण पुढच्या मांडीच्या रंगात आहे. क्युप्रिनाची मांडी धातूसारखी हिरवी चमकते, सेरिकाटाची काळपट निळी. तोच पाय नळीत टाकून विरघळवला, तर डीएनए मिळेल पण तो कोणाचा हे सांगणारी खूण गेली.

भिंगाखाली चिमटा धरला की पाय किंचित खेचला जातो आणि मुळाशी कट्‌ असा तुटतो. हाताला तो तुटलेला जाणवतो, आवाज येत नाही. पाय ९५ टक्के अल्कोहोलच्या नळीत, नळीवर क्रमांक, माशीच्या टाचणीखालच्या चिठ्ठीवर तोच क्रमांक. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची. शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

या जोडीला, टाचणीवरची माशी आणि नळीतला पाय, व्हाउचर म्हणतात. पुढे कोणी विचारलं की हा डीएनए याच जातीचा कशावरून, तर पेटी उघडून माशी दाखवता आली पाहिजे. फॉर्मलिनला आमच्या टेबलावर बंदी आहे, डीएनए तुकडे तुकडे होतो.

१४ जानेवारी

संक्रांत. प्रयोगशाळा बंद. बरण्या बघून आले, तेवढंच.

२१ जानेवारी

गच्चीवरच्या बरणीत केसाळ अळ्या! दुसऱ्या अवस्थेपासून पुढे अंगभर मांसल काटे दिसतात. क्रायसोमाया रुफिफेसीस. या अळ्या इतर जातींच्या अळ्या खातात. सकाळी मेगासेफालाच्या अळ्यांची दाटी होती, संध्याकाळी निम्म्याहून कमी. मृतदेहावर असं झालं, तर सर्वांत आधी आलेल्या माशीची पिढीच नाहीशी होऊ शकते आणि उरलेल्या अळ्या नंतर आलेल्या जातीच्या असतात. डोळे मिटून सर्वांत मोठी अळी उचलणाऱ्याला हे कळणार नाही.

केसाळ आहे म्हणून रुफिफेसीसच, असंही म्हणता येत नाही. क्रायसोमाया अल्बिसेप्सची अळीही केसाळ असते. आणि पहिल्या अवस्थेत तर दोघींच्याही अंगावर हे काटे नसतात.

अर्ध्या अळ्या जतन केल्या, अर्ध्या वाढवायला ठेवल्या. जतन करताना अळी आधी कडक तापलेल्या पाण्यात अर्धा मिनिट, मग अल्कोहोलमध्ये. सरळ अल्कोहोलमध्ये टाकली तर ती आक्रसते, काळी पडते आणि लांबी चुकीची मिळते. लांबीवरूनच तर वय काढायचं.

मागचं टोक भिंगाखाली धरलं. श्वासाची दोन छिद्रं, जणू दोन गोल डोळे, आणि प्रत्येकात चिरा. दोन चिरा म्हणजे दुसरी अवस्था, तीन म्हणजे तिसरी. पहिल्यांदा तीन चिरा स्पष्ट दिसल्या तेव्हा शिपाईमामांना हाक मारून दाखवल्या. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. म्हणाले, "आन् आमी हिला लाथंखाली चिरडतो."

३ फेब्रुवारी

डीएनए काढायला सुरुवात. पाय बारीक करून, प्रोटीन विरघळवणाऱ्या द्रावणात ५६ अंशांवर रात्रभर. सकाळी गाळणीच्या नळ्यांतून धुऊन घ्यायचं. अळीच्या बाबतीत मागच्या टोकाचा तुकडा घ्यायचा, पोट टाळायचं, कारण पोटात तिने खाल्लेलं मांस असतं आणि त्याचाही डीएनए सोबत येतो.

हा अडथळा तपासात कधी कधी उपयोगाचा ठरतो. २००१ साली वेल्स आणि सहकाऱ्यांनी अळीच्या पोटातून माणसाचा मायटोकाँड्रियल डीएनए (पेशीकेंद्राबाहेर, पेशीच्या ऊर्जाघरात असणारा) काढून दाखवला. देह हलवला गेला आहे आणि जागेवर फक्त अळ्या उरल्या आहेत, किंवा शेजारच्या मेलेल्या कुत्र्यावरून अळ्या देहावर सरकल्या असतील अशी शंका आहे, अशा वेळी अळीने कोणाला खाल्लं हेच विचारता येतं. एकाच अळीकडून दोन उत्तरं: ती कोण, आणि तिने काय खाल्लं.

११ फेब्रुवारी

पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करणं. सीओआय नावाच्या मायटोकाँड्रियल जनुकाचा तुकडा वाढवायचा. फोल्मर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली दिलेले दोन प्रायमर, म्हणजे तुकड्याच्या दोन टोकांना चिकटून प्रत सुरू करणारे डीएनएचे छोटे धागे, अजून जगभर वापरले जातात, एक २५ अक्षरांचा, दुसरा २६ चा. मधला तुकडा ६५८ अक्षरांचा. २००३ साली पॉल हेबर्ट यांनी याच तुकड्याला प्राण्यांचा बारकोड मानावं असं सुचवलं आणि ते रुजलं. त्यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंग केंद्र आपल्याच मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आहे, हे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला हवं.

दुपारी वीज गेली आणि यंत्र मध्येच बंद पडलं. जनरेटरवर पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी जेलवर तुकडे लांबीनुसार वेगळे केले. खोलीतला दिवा मालवून निळ्या उजेडावर धरलं आणि सातशेच्या किंचित वर (६५८ आणि दोन्ही प्रायमर मिळून), जिथे असायला हवी तिथेच, एकेका रांगेत चमकती पट्टी. शेवटच्या रांगेत डीएनए न घातलेला नमुना होता. ती रांग कोरी आहे याचा आनंद बाकीच्या पट्ट्यांहून जास्त. ती कोरी नसती तर बाकी काहीच खरं धरता आलं नसतं.

२७ फेब्रुवारी

क्रमवाचन, म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीने वाचणं, होऊन आलं. आलेखावरची शिखरं सुटी सुटी, स्वच्छ. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सगळीकडे ए आणि टी यांचीच गर्दी, जवळपास सत्तर टक्के. माश्यांच्या मायटोकाँड्रियात तसंच असतं.

जुळणी बघण्याआधी मॅडमनी एक पायरी सक्तीची केली आहे. क्रमाचं प्रोटीनमध्ये भाषांतर करून बघायचं, मध्येच थांबण्याचा संकेत येतो का. मायटोकाँड्रियाच्या जनुकांच्या जुन्या प्रती पेशीकेंद्रात जाऊन पडलेल्या असतात, त्या निकामी असतात, आणि प्रायमर कधी कधी त्यांनाच पकडतो. अशा प्रतीत मध्येच थांबा लागतो किंवा अक्षर गळलेलं असतं. भाषांतर करताना कीटकांच्या मायटोकाँड्रियाचा तक्ता घ्यायचा, नेहमीचा नाही. नेहमीच्या तक्त्यात टीजीए म्हणजे थांबा, इथे तो ट्रिप्टोफॅन हा प्रोटीनचा घटक.

मेगासेफाला आणि रुफिफेसीसचे सगळे पाय आपापल्या जातीशी ९९ टक्क्यांच्या वर जुळले. टाचणीवरच्या नावांशीही जुळले.

६ मार्च

लुसिलिया अडली. येळवसाला शेतात मिळालेल्या माश्यांपैकी बहुतेक सरळ क्युप्रिनाशी जुळतात. एक मात्र अशी की सार्वजनिक डेटाबेसमधल्या जुळण्यांच्या यादीत वरच्या ओळींत क्युप्रिना आणि सेरिकाटा अशी दोन्ही नावं. पेटी काढली. पुढची मांडी हिरवी. डोक्यामागचे केस मोजले, तेही क्युप्रिनाचेच.

यामागे खरं कारण आहे. या दोन जातींमध्ये संकर होतो, आणि मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो. कधीकाळी सेरिकाटा जातीची आई आणि नंतर पिढ्यान्‌पिढ्या क्युप्रिनाचे बाप, असं झालं तर माशी दिसायला क्युप्रिना आणि मायटोकाँड्रिया सेरिकाटाचा वारसा सांगणारा. जगात अशा क्युप्रिना माश्यांची नोंद आहे. अशा वेळी सीओआय एकट्याच्या भरवशावर नाव लिहायचं नाही, पेशीकेंद्रातलं जनुकही बघायचं. २८एस हे जनुक या दोघींना वेगळं करतं. त्याचे प्रायमर मागवले.

दुसरी शक्यताही आहे: ज्याने तो क्रम डेटाबेसमध्ये चढवला त्याने माशीच चुकीची ओळखली असेल. डेटाबेस नाव तपासत नाही, चढवणाऱ्याने दिलेलं नाव दाखवतो. मॅडम आज फळ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "डीएनए नाव सांगत नाही गं, नातं सांगतो. नाव माणसानेच ठेवलेलं असतं, आणि ते ठेवताना त्याने माशी नीट बघितली होती का, एवढाच प्रश्न." मला वाटतं या प्रकल्पात मला जे म्हणायचं आहे ते हेच. टाचणीवरच्या माशीशिवाय सहाशे अठ्ठावन्न अक्षरं अनाथ आहेत.

१८ मार्च

रुफिफेसीसच्या एका मादीची अंडी वेगळी वाढवली होती. सगळ्या माश्या मादी निघाल्या. दुसऱ्या एका मादीच्या घरात सगळे नर. हे या जातीचं वैशिष्ट्यच आहे, एक मादी आयुष्यभर एकतर मुलीच देते किंवा मुलगेच. पुस्तकात वाचलं होतं. पिंजऱ्यात एकामागून एक मादीच बाहेर पडताना बघणं वेगळं. प्रकल्पाला याचा थेट उपयोग नाही, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मांसमाश्यांचंही काम पुढे गेलं. करड्या, पाठीवर तीन काळे पट्टे असलेल्या सार्कोफॅगा. या अंडी घालत नाहीत, थेट जिवंत अळ्या सोडतात, म्हणजे वयाचा हिशेब अंड्याच्या वेळेशिवाय सुरू होतो. यांच्या माद्या एकमेकींपासून ओळखणं जवळपास अशक्य. जात ठरते ती नराच्या जननेंद्रियांवरून, आणि ती माशी ताजी असतानाच टाचणीने बाहेर ओढून ठेवावी लागतात. लाल मिशांचा एक नर रुफिकॉर्निस म्हणून पक्का झाला. आता त्याचा क्रम हाती आहे, तर त्याच्याशी जुळणाऱ्या माद्या आणि अळ्याही आपोआप नावाला लागल्या. डीएनएचा सर्वांत सुंदर उपयोग मला इथे दिसला: ज्यांना नाव देताच येत नव्हतं त्यांना त्यांच्या ओळखीच्या नातेवाइकाजवळ नेऊन बसवणं.

२ एप्रिल

पाडवा झाला आणि ऊन चाळिशीकडे निघालं. आता घड्याळाचा भाग.

अळीच्या वाढीचा हिशेब अंश-तासांत करतात. एका ठरावीक तापमानाखाली वाढ थांबते, तो उंबरठा. त्याच्या वर जितके अंश, गुणिले जितके तास, त्यांची बेरीज. समजण्यासाठी आकडे धरून बघते: उंबरठा १० अंश आणि अंड्यापासून माशीपर्यंत ३६०० अंश-तास लागतात असं समजा. सरासरी २५ अंश असेल तर दिवसाला १५ गुणिले २४, म्हणजे ३६०, एकूण १० दिवस. सरासरी ३२ असेल तर दिवसाला ५२८, म्हणजे सात दिवसांच्याही आत. तीच जात, तीच अळी, तीन दिवसांचा फरक. इंग्लंडमधल्या थंड हवेतला तक्ता परभणीला लावला तर काय होईल ते दिसतंच आहे.

आणि हा सरळ हिशेबही एका मर्यादेपर्यंतच चालतो. फार उष्णतेत वाढ मंदावते, अंडी वाळून मरतात. आज गच्चीवरच्या बरणीत भर दुपारी घातलेली अंडी सुरकुतली, कडुनिंबाखालची फुटली. दोन्ही बरण्यांतलं अंतर एका जिन्याचं. शिवाय अळ्यांचा गोळा स्वतःच तापतो, आत बोट घातलं तर बाहेरच्या हवेपेक्षा गरम लागतं. म्हणून घटनास्थळी तीन तापमानं घ्यायला हवीत: हवेचं, जमिनीचं, अळ्यांच्या गोळ्याच्या आतलं.

१५ एप्रिल

मराठवाड्यात लिहिताना ही गोष्ट टाळता येणार नाही. आपल्याकडे शेतात सापडणाऱ्या देहांत विषारी औषध प्यायलेल्यांचे देह असतात. कीटकनाशक प्यायलेल्या देहावर माश्यांचं वेळापत्रक बदलतं. विषाने त्या उशिरा येतात किंवा अळ्या मरतात. १९८९ साली हवाईतल्या एका प्रकरणाची नोंद प्रसिद्ध झाली. देह इतका कुजला होता की नेहमीचे नमुने घेणं अवघड, पण अळ्यांत मॅलॅथिऑन हे कीटकनाशक सापडलं. त्या अळ्या होत्या क्रायसोमाया मेगासेफाला आणि रुफिफेसीसच्या, म्हणजे आमच्या बरणीतल्याच दोघी. अळ्यांच्या वयावरून निघालेला काळ हा माणूस बेपत्ता झाल्यापासूनच्या काळापेक्षा काही दिवसांनी कमी होता. विषाने माश्यांना तेवढा काळ थोपवलं होतं.

म्हणजे अळ्यांची आणखी एक नळी विषतपासणीसाठी वेगळी ठेवायला हवी. एखाद्या कर्त्या माणसाच्या घरच्यांना नेमकं काय झालं हे कळणं, विम्याच्या आणि मदतीच्या कागदांवर काय लिहिलं जाणार हे ठरणं, अशा गोष्टी त्या नळीवर अवलंबून असू शकतात. 

२४ एप्रिल

मॅडमनी परीक्षा घेतली. फक्त आकडे लिहिलेल्या नळ्या, आत पहिल्या अवस्थेच्या अळ्या. कोणती अळी कोणाची हे त्यांच्या कपाटातल्या बंद पाकिटात. आम्ही दोघी मैत्रिणींनी वेगवेगळ्या दिवशी, एकमेकींना न सांगता काम केलं. आज पाकीट फोडलं. दोघींची उत्तरं आपसांत जुळली आणि पाकिटाशीही.

डोळ्यांनी या अळ्यांत फरक दिसत नव्हता, हे मी आधीच लिहून ठेवलं होतं. तुलना जगभरच्या यादीशी केली नाही, आपल्याच पेटीतल्या, आपल्याच टाचण्यांवरच्या माश्यांशी केली. म्हणून हे उत्तर कोणासमोरही ठामपणे मांडता येईल. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली तज्ज्ञाचं मत पुराव्यात घेता येतं. बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न 'कशावरून?' हाच विचारणार, आणि तिथे पेटी उघडता आली पाहिजे.

रिकाम्या कोषांचं काम अर्धवट आहे. माशी उडून गेल्यावर मागे राहणाऱ्या तपकिरी टरफलातूनही डीएनए मिळू शकतो, पण उन्हात पडलेल्या टरफलांतून पट्टी फिकी येते. तिथे ६५८ चा हट्ट सोडून लहान तुकडा वाढवावा लागेल.

५ मे

मामांच्या ओळखीने एका ठाण्यात गेलो. अळ्या कशा उचलायच्या याचं एक पान मराठीत केलं आहे, ते वाचून दाखवलं. सगळ्या मापाच्या अळ्या घ्या, फक्त मोठ्या नकोत. देहाच्या वेगवेगळ्या जागांवरून वेगळ्या नळ्या. अर्ध्या गरम पाण्यातून अल्कोहोलमध्ये, अर्ध्या जिवंत, काळजाच्या तुकड्यावर, झाकणाला भोकं पाडून. आजूबाजूची माती दोन-तीन हात लांबपर्यंत उकरून बघा, वाढ पूर्ण झालेल्या अळ्या देह सोडून कोष करायला मातीत जातात. चिठ्ठीवर जागा, वार, तास, तापमान, पेन्सिलीने.

एका हवालदारांनी विचारलं, "ताई, गरम पाणी रानात कुठून आणू?" बरोबर प्रश्न. आम्ही थर्मास लिहिला. दुसरे म्हणाले, जिवंत अळ्या गाडीत घेऊन बसायला ड्रायव्हर तयार होणार नाही. त्यावर दुहेरी झाकणाच्या डब्याची सूचना त्यांनीच केली. ठाणे अंमलदारांनी विचारलं, अळ्या पंचनाम्यात कोणत्या सदरात लिहायच्या? आम्ही म्हटलं, जप्त मुद्देमालासारख्याच, सीलबंद, नळीच्या क्रमांकासह. त्यांनी वहीत टिपून घेतलं आणि पानाच्या आणखी काही प्रती मागितल्या.

थर्मास आणि दुहेरी डबा घालून पान आज रात्री दुरुस्त करते. २८एसचे प्रायमर आले आहेत, त्या अडलेल्या लुसिलियाचा पाय पुन्हा लावायचा आहे. मृगाचा पाऊस पडला की बरण्या परत बाहेर, कारण ओल्या हवेतली आकडेवारी आपल्याकडे अजून काहीच नाही.